गावासाठी मंडळाचे पैसे: ग्रुप विमा काढावा की पीएचसीला द्यावेत?

आमच्या मुंबईकर मंडळात हा वाद दोन गणपती चालला, शेवटी आम्ही एका बाजूला कललो. आता आजूबाजूच्या वाड्यांतले लोक विचारतात म्हणून लिहितोय. विमा म्हणजे काय हे सगळ्यांना माहितीये, आणि पीएचसी म्हणजे आपलं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र.

विम्याची बाजू आधी, कारण ती खरंच वजनदार आहे. घरात हार्ट, कॅन्सर, किडनी असलं काही निघालं की जमीन विकायची पाळी येते, आणि तिथे पीएचसी काही करू शकत नाही, कितीही पैसे ओता. शिवाय हिशोब सोपा, प्रीमियम भरला, पावती सभेत दाखवली, कोणी बोट दाखवायला नको. फक्त आमच्या उशिरा लक्षात आलं की 5 लाखांचं कव्हर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत 2018 पासून आहेच, आपल्याकडे राज्याची महात्मा फुले योजनाही आहे, म्हणजे बऱ्याच घरांसाठी मंडळ तेच परत विकत घेणार.

माझं मत फिरलं ते मात्र काकीच्या पायामुळे. शुगर जुनी, चप्पल लागून जखम झाली. तालुक्याला एका हॉस्पिटलात नेलं, आयुष्मानचं कार्ड दाखवलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो ड्रेसिंग कार्डात बसत नाही, ॲडमिट असेल तर बोला. आणि आत डॉक्टर म्हणतात ॲडमिट करायची गरज नाही! मग एसटीने जा, रोख पैसे देऊन ड्रेसिंग करून या, सोबत घरातलं एक माणूस, त्याचा रोज बुडाला, असं करत करत मधे दोन-चार खाडे झालेच. शेवटी दोन बोटं काढावी लागली, आणि ते मात्र कार्डात बसलं, एक रुपया लागला नाही. बोट वाचवायचा खर्च आपला, कापायचा विम्याचा. त्या हॉस्पिटलला दोष देत नाही, योजनाच तशी आहे, भरतीआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरतात, साधी ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, धरत नाहीत. खाजगी मेडिक्लेममध्येही बहुतेक ओपीडी नसतेच. आणि गावात पैसा जातो कुठे तर बीपी-शुगरच्या गोळ्या, तपासण्या, गाडीभाडं. 2021-22च्या सरकारी हिशोबात देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भाग लोकांच्या खिशातून गेलाय, माझ्या अंदाजाने आमच्या वाडीत त्याहून जास्तच निघेल.

पीएचसीचं कौतुक करावं असंही नाही हां. 2017च्या आरोग्य धोरणात दोन तृतीयांश किंवा जास्त पैसा प्राथमिक सेवेला द्यायचं लिहिलंय, पण आम्ही जे पीएचसी बघतो तिथे शुगरच्या गोळ्या संपल्या की तीन-तीन आठवडे नाहीत, सिस्टर बिचारी चिठ्ठी लिहून देते, बाहेरून घ्या म्हणते. निधी आला तर वर्ष संपता संपता, मग 31 मार्चच्या आत काहीतरी घ्यायचं म्हणून कपाट येतं, गोळ्या नाहीतच.

आमच्यातला एक जण म्हणाला पेशंटकडून वीस-वीस रुपये घ्या, औषधं येत राहतील. आफ्रिकेत 1987च्या बामाको योजनेत साधारण हेच केलं होतं, औषध विकून तो पैसा केंद्रातच फिरवायचा. पण पैसे घेतले की सगळ्यात गरीब माणूस आधी गळतो, युगांडाने 2001 मध्ये फी बंद केली तर गर्दी वाढली. आणि आपल्याकडे आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार फुकटच आहेत, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. थायलंडचं मात्र मला पटतं, 2002 पासून सरकार तिथल्या जवळच्या दवाखान्याला नोंदवलेल्या माणसामागे पैसे देतं, ओपीडी त्यातच आली. तसलं कार्ड असतं तर मी विम्यालाच हात वर केला असता.

आम्ही रोख दिली नाही. मेडिकल ऑफिसरना विचारून दर तीन महिन्यांनी शुगर तपासायच्या पट्ट्या आणि ड्रेसिंगचं सामान पीएचसीच्याच रुग्ण कल्याण समितीमार्फत देतो, स्टॉक रजिस्टरला नोंद करून घेतो, आणि थोडे पैसे रात्री पेशंटला न्यायच्या गाडीसाठी बाजूला ठेवलेत. काकी आता ड्रेसिंगला चालत जाते. आमच्या खजिनदारांना अजून विमाच बरा वाटतो, त्यांच्या घरात बायपास झालीये, त्यामुळे मीही फार ताणत नाही.