समोरच्याकडे परवाना नव्हता, तरी आमचा दावा मंजूर झाला : एका मोटार विमा पॉलिसीचा अनुभव

आमच्या मोटारीची सर्वसमावेशक पॉलिसी ज्या कंपनीची आहे, तिच्या नाशिक शाखेतील दावा विभागाचे काम चोख आहे; मात्र पॉलिसी विकताना हीच कंपनी चालकाच्या परवान्याच्या अटीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला पत्नीने गाडी थांबवली असताना मागून आलेल्या मोटारीने ती ठोकली. त्याच धडकेत शेजारच्या दुचाकीस्वाराचा पाय मोडला. मोटार चालवणारा मुलगा जेमतेम विशीचा होता, गाडी त्याच्या मामांची होती, आणि पक्का परवाना तर सोडाच, शिकाऊ परवानाही त्याने काढलेला नव्हता. त्याच्याकडे परवाना नाही म्हणून आपला दावा अडेल, ही आमची भीती सर्वेअरने (नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) अंबडच्या गॅरेजमध्ये पहिल्याच भेटीत दूर केली. आपल्या गाडीच्या नुकसानीची भरपाई 'ओन डॅमेज' भागातून मिळते आणि त्यासाठी आपल्या चालकाचा परवाना वैध असावा लागतो, हे त्याने नीट समजावले आणि पत्नीचा परवाना सरकारच्या सारथी संकेतस्थळावर तपासून घेतला. कपातीचा तक्ता न मागता हाती मिळाला : बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात), काचेवर शून्य, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी सक्तीची १,००० रुपयांची वजावट, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः सोसायचा भाग. इतका स्पष्ट हिशेब विमा व्यवसायात सहसा पाहायला मिळत नाही. चूक आमची नसतानाही नो क्लेम बोनस (दावा न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट) मात्र गेला.

खरा प्रश्न त्या मामांचा आहे. 'इन्शुरन्स आहे ना' या भरवशावर ते निश्चिंत होते. दुचाकीस्वार नाशिकच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेला, तर मामांच्या विमा कंपनीला त्याला भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो, कारण रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाचे संरक्षण हाच थर्ड पार्टी विम्याचा हेतू आहे. परंतु मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली हे कंपनीने सिद्ध केले, तर तीच रक्कम तिला मालकाकडून वसूल करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या खटल्यात ही चौकट घालून दिली. मामांच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा पॉलिसीतील चालकाच्या अटीमुळे टिकणे कठीण आहे. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली गाडी देणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

हे सारे मला अपघातानंतर कळले. पॉलिसी देताना प्रतिनिधीने गाडीचे मॉडेल, नोंदणीचे वर्ष आणि मागचे दावे विचारले. घरात गाडी कोण कोण चालवते, हे त्याने विचारले नाही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात मळ्यावरचा गडी सहज गाडी बाहेर काढतो, आणि सुट्टीत भाचा चावी मागतो तेव्हा मामाला नाही म्हणवत नाही. अशा घरांना ही अट पहिल्या पानावर ठळक मराठीत मिळायला हवी. सध्या ती इंग्रजी कागदपत्रात बारीक अक्षरांत आहे. शिकाऊ परवानाधारकाला पॉलिसी मान्यता देते, पण गाडीवर 'एल' ची पाटी आणि शेजारी परवानाधारक शिकवणारा असेल तरच, हेही आम्हाला विकताना कोणी सांगितले नव्हते. गाडीमालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यालाही मालकाचा स्वतःचा परवाना वैध असावा लागतो.

दाव्याच्या कामाला मी पाचपैकी साडेचार आणि विक्रीच्या वेळच्या माहितीला दोन गुण देईन. नूतनीकरण याच कंपनीकडे केले आहे, या वेळी शून्य घसारा आणि बोनस संरक्षण ही दोन्ही जोडकलमे (जादा हप्ता भरून मिळणारी संरक्षणे) घेऊन. मराठी माहितीपत्रकाची लेखी मागणी शाखा व्यवस्थापकांकडे दिली असून त्यांच्या उत्तराची वाट पाहत आहे.