हायड्रॉलिक प्रेससाठी डाय: अ‍ॅक्रिलिकची की लोखंडी?

२० टनी प्रेसवर वाटीचा किंवा पानाचा फुगीर आकार काढायचा, तर डायवर, म्हणजे हव्या त्या आकाराचं भोक पाडलेल्या जाड शीटवर, चांदीचा पत्रा, त्यावर युरेथेन पॅड (रबरासारखी गादी, पत्र्याला भोकात ढकलणारी), आणि हळूहळू दाब. पत्रा ०.५ मिमी, तापवून नरम केलेला, भोकाभोवती निदान ६ मिमी जास्त.

दोन-चार नगांपुरतं अ‍ॅक्रिलिक बरं. १० मिमीची शीट सोनारी करवतीने कापता येते, पारदर्शक असल्याने पत्र्यावरची नक्षी नेमकी मधोमध बसवता येते. करवत घाईने चालवली तर मात्र प्लास्टिक वितळून पातं अडकतं. भोकाची कड दाबागणिक गोलावते, मग पानाचं टोक बोथट येतं. भोक शीटच्या कडेपाशी असलं की डाय तडकते. तुकडे उडतात, म्हणून समोर पॉलिकार्बोनेटची ढाल हवीच.

लोखंडी डाय कापायला वेळखाऊ आणि भोक आतून कानशीने साफ करावं लागतं. पण टोकं धारदार येतात, शेकडो नग निघतात. नेहमीच्या मालाला हीच.

पत्रा फाटला की दोष डायला देतात. बहुतेकदा तो मध्येच पुन्हा तापवलेला नसतो. दाब वाढूनही खोली वाढत नसेल, तिथेच थांबून नरम करा.