अण्णांच्या दुनळीला नाशकात बसवलेला नवा दस्ता

अण्णांची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, वेबली अँड स्कॉटची, बर्मिंगहॅमची, १२ बोअर. निफाडच्या घरात ती चाळीस वर्षं कपाटात नळ्या वर करून उभी होती आणि दर दसऱ्याला पूजेआधी अण्णा तिला हात सैल सोडून तेल पाजायचे. ते गेल्यावर वारसाहक्कानं परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा मागच्या लाकडी दस्त्याच्या मानेला, म्हणजे चापामागे मूठ धरतो तिथे, केसाएवढी भेग होती. परगावच्या एका दुकानानं ती चिकटवून वर पितळी पट्टी मारून दिली. दुसऱ्याच काडतुसाला पट्टीच्या स्क्रूंच्या रांगेतून लाकूड उभं फाटलं. मला त्या दिवशी अण्णांची वस्तू आपण बिघडवली असं वाटून जेवण गेलं नाही.

मग जुन्या नाशकातल्या ज्या बंदूक मिस्त्रींकडे ती नेली, त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलं. शस्त्रदुरुस्तीचा परवाना आहे, तो भिंतीवर लावलेला आहे, आणि तो आधी बघा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या सुताराकडे बंदूक टाकून येणं हा मार्गच नाही. माझा परवाना आणि बंदुकीचा नंबर त्यांनी रजिस्टरात उतरवला, सहीशिक्क्याची पावती दिली, मगच दुनळीला हात लावला.

दस्ता उतरवल्यावर त्यांनी पुढचं तोंड मला दाखवलं. ॲक्शनला, म्हणजे नळ्या आणि चाप ज्या लोखंडी भागात बसतात त्याला, लागून असलेलं लाकूड काळं पडलेलं आणि इतकं मऊ, की नख रुतत होतं. नळ्या वर करून उभी ठेवलेली बंदूक वर्षानुवर्षं आतलं तेल खाली सोडते आणि ते लाकडात मुरतं. लाकूड मऊ झालं की स्क्रू कितीही आवळा, ॲक्शन आत हलत राहते आणि प्रत्येक बाराला पाचरीसारखी लाकडात घुसते. "भाऊ, भेग मानेला दिसली, पण दुखणं इथलं होतं," ते म्हणाले. पट्टी मारणाऱ्यानं दस्ता उतरवूनच बघितला नव्हता.

तयार दस्ता मागवू का, असं मी विचारलं होतं. या जुन्या दुनळ्यांचं लाकूड ज्या त्या बंदुकीला हातानं बसवलेलं, त्यामुळे एकीचा दस्ता दुसरीला जसाच्या तसा बसत नाही. शिसव मजबूत, पण जड. मागं वजन वाढलं की बंदुकीचा तोल जातो. म्हणून अक्रोड ठरला. तीन फळ्या दाखवल्या. सर्वात देखणी, लाटालाटांची फळी मी उचलली, तर त्यांनी ती परत ठेवायला लावली: तिच्या रेषा मानेतून आडव्या बाहेर पडत होत्या आणि दणक्याला तिथेच तुटली असती. जी घेतली तिच्या रेषा मानेतून सरळ मागे जातात आणि नक्षी मागच्या रुंद भागात उतरते.

पुढचं काम बघायला मी चार वेळा निफाडहून गेलो. चिमणीची काजळी तेलात कालवून ते ॲक्शनच्या लोखंडाला बोटानं पुसट लावायचे, लाकडात बसवायचे, काढायचे. जिथे काळा ठिपका उमटला तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काजळी, परत ठिपका. एका दुपारी मी मोजायला लागलो आणि साठानंतर सोडून दिलं. सुरुवातीला दोन-तीन ठिपके उमटायचे, शेवटी मागच्या बाजूची सगळी बैठक सारखी काळी आली. दणका ज्या पृष्ठांवर येतो ती अशी एकसारखी टेकली पाहिजेत. फक्त ॲक्शनच्या मागे जाणाऱ्या लोखंडी पट्टीच्या टोकाला त्यांनी कागदाएवढी फट मुद्दाम ठेवली, नाहीतर ती पाचर होते. परगावच्या दुकानात ही बंदूक एक दिवसही राहिली नव्हती.

मापं त्यांनी माझी घेतली. अण्णा साडेपाच फुटांचे, मी सहा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत १४ इंच होतं ते १४ इंच ५ सूत केलं (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). उजव्या खांद्यासाठी टाचेकडे, म्हणजे दस्त्याच्या मागच्या वरच्या टोकाला, दोन सूत बाहेरचा कलही दिला. गाल टेकतो ती धार मात्र त्यांनी थोडी उंचच सोडली, कारण लाकूड काढता येतं, लावता येत नाही. मग रेंजवर १६ यार्डांवरून कागदावर बार. तिथे हिशोब सोपा असतो: छर्रे एक इंच चुकले तर लाकडात अर्धं सूत. माझे दोन इंच वर गेले, धारेचं एक सूत उतरलं, आणि पुढचे बार मधोमध बसले. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावून उघडले तर माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, समोर होती. अण्णांच्या दस्त्यावर मी दहा वर्षं मान वाकडी करून नेम धरत होतो, हे तेव्हा कळलं.

शेवटी जवसाचं तेल, तळहातानं चोळून बारा हात. डिसेंबरच्या थंडीत एकेक हात वाळायला तीन-चार दिवस लागले. तेलाची फडकी ते पसरून बाहेर दोरीवर टाकायचे. बोळा करून ठेवलं तर जवसाच्या तेलाचं फडकं आपोआप पेटतं. घरी कोणी लाकडाला तेल लावत असेल तर हे लक्षात ठेवा.

तक्रारी दोन. सहा आठवडे सांगितले होते, तीन महिने लागले, आणि फोन केला तरच कळायचं. मुठीवर पकडीसाठी कोरलेल्या चौकड्या डावीकडे दोन ठिकाणी ओळ सोडून गेल्यात. बोटाला जाणवत नाहीत, डोळ्याला दिसतात. नळ्यांखालचं जुनं लाकूड नव्या दस्त्यापेक्षा लालसर आहे, पण ते बदलू नका असं मीच म्हटलं होतं, अण्णांचा डावा हात तिथे असायचा. एकूण अठरा हजार झाले. मी ते पुन्हा देईन.

जुना दस्ता त्यांनी कापडात बांधून परत दिला. दुनळी आता कपाटात नळ्या खाली करून ठेवतो, खाली जाड नमद्याचा तुकडा घातलाय.