संगीत ठेवायचं की खेळ? लग्नाआधीच्या एका संध्याकाळचा हिशेब

तुळशीची लग्नं लागली की ओळखीत कोणीतरी हमखास विचारतंच : "अरे, तुम्ही संगीत केलं होतं का? की नुसतंच घरगुती?" त्या 'नुसतंच'वर माझा थोडा राग आहे, तेव्हा पुढे जे लिहितोय ते पूर्ण निष्पक्ष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हॉल, केटरर, हळद, मेंदी यांचं तुम्ही पाहिलं असेलच. प्रश्न उरतो तो आदल्या संध्याकाळचा. स्टेज, दिवे आणि बसवलेले नाच ठेवायचे, की परात, सुपारी, विडा आणि उखाणे? दादाच्या लग्नात आम्ही पहिलं केलं. माझ्या लग्नात पहिल्याने सुरुवात करून दुसऱ्यावर आलो. म्हणजे दोन्हीकडचे पैसे आणि मनस्ताप भरून झालाय.

एक वाद आधीच निकालात काढतो. "संगीत ही आपली पद्धत नाही" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. मला तो मुद्दा पटत नाही. लग्नातलं गाणं आपल्याकडे फार जुनं आहे. महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले ते तेराव्या शतकात, आणि रायगड-ठाण्याकडे आगरी-कोळी हळदीला धवलारीण अजूनही गाते. नवीन आहे ते 'बसवणं'. कोरिओग्राफर, गाण्यांचं मिक्सिंग, एंट्री, धूर. तेव्हा संस्कृतीच्या नावाने संगीताला नाही म्हणू नका. नाही म्हणायला दुसरी कारणं आहेत.

आधी संगीताच्या बाजूने बोलतो. दादाच्या वेळी दोन्ही घरची भावंडं महिनाभर तालमीच्या निमित्ताने भेटत होती. लग्नाच्या दिवशी ती एकमेकांना टोपणनावांनी हाका मारत होती, वहिनीच्या धाकट्या भावाला आमच्या घरात चहाचं भांडं कुठे असतं हे माहीत झालं होतं. माझ्या लग्नात हे झालं नाही. खेळांच्या संध्याकाळी पहिला अर्धा तास आमची मंडळी खिडकीकडे आणि तिची दाराकडे, अशी बसली होती; मधे सतरंजीचा रिकामा पट्टा. शिवाय तुमच्याकडचे किंवा त्यांच्याकडचे पाहुणे मराठी नसतील तर उखाण्यातली गंमत त्यांच्यापर्यंत पोचणं अवघड. नाच सगळ्यांना कळतो. आणि तीनशे माणसं बोलावणार असाल तर पुढचं वाचूच नका, संगीतच ठेवा. परातीभोवती फार तर साठ माणसं मावतात, तीही मागच्या दोन रांगा उभ्या राहिल्या तर.

संगीताच्या विरुद्ध जाणाऱ्या बारीकसारीक गोष्टी तुम्हाला कोणीही सांगेल. एकच सांगतो, कारण तिच्यामुळे आमच्या मामाचं मन दुखावलं. उघड्या लॉनवर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून तसे आहेत, आणि सरकार वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं ते सणासुदीला. तुमचं लग्न त्यात बसत नाही. दादाच्या कार्यक्रमात मागचा मोठा पडदा वेळेवर चालू होईना. साडेसातचं साडेआठ झालं. मामाचा नाच शेवटून दुसरा होता. पाच मिनिटं कमी दहाला लॉनचा माणूस येऊन हात जोडून उभा राहिला. मामा महिनाभर गुडघ्याला पट्टा बांधून तालीम करत होता. त्याने शेरवानीतच जेवून घेतलं आणि कोणाशी फारसं बोलला नाही. बंद हॉल घेतलात तर ही भानगड नाही, हे खरं.

पण माझा निर्णय मामामुळे झाला नाही. पैशामुळेही नाही, जरी आम्हाला सांगितलेला आकडा ऐकून बाबा चष्मा काढून पुसायला लागले होते. माझा निर्णय झाला आरशामुळे.

ती तेव्हा मुंबईत नोकरीला होती. शनिवारी सकाळी इंद्रायणीने पुण्यात यायची, रविवारी परत. दर शनिवारी अकरा ते एक तालीम, मग दोघांच्या आयांबरोबर साड्या, दागिने, पत्रिका. स्टुडिओ चांगला होता, शिकवणारा मुलगाही गुणी. समोरच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे, तोंडं आरशाकडे, आणि तो मागून "पाच, सहा, सात, आठ!" आठला मान वळवून एकमेकांकडे बघायचं आणि हसायचं. तेही मोजून; एकला पुन्हा समोर. "सर, काउंट चुकला तरी चालेल, पण स्माईल सोडू नका." मी स्माईल धरून ठेवायचो. गाल दुखायचे.

चौथ्या शनिवारी तालीम संपल्यावर आम्ही खाली टपरीवर चहा घेत होतो. तिने ग्लास उचलला आणि मला तिच्या उजव्या मनगटावरची पट्टी दिसली. मी म्हटलं, "अगं, ही डाव्या हातावर होती ना?" ती म्हणाली, "नाही रे. इस्त्रीचा चटका आहे, दोन आठवडे झाले. उजवाच." मग आम्हाला दोघांनाही कळलं काय झालं ते. पट्टी मी दोन आठवडे बघत होतो, पण आरशात. आणि विचारायचं राहून गेलं होतं, कारण दर वेळी काउंट सुरू होता.

कोणी म्हणेल, ही काय तक्रार झाली! असेल. तुमचा जोडीदार त्याच गावात असेल, रोज भेटत असाल, तर तालीम ही उलट मजेची गोष्ट ठरेल. दादा-वहिनी अजून त्या दिवसांबद्दल खुशीत बोलतात. पण लग्नाआधीचे आमचे मोजून नऊ शनिवार होते. त्यातले चार आम्ही भिंतीकडे बघत घालवले. दुसऱ्या दिवशी तिला स्टेशनवर सोडताना मी विचारलं, "बंद करूया?" ती म्हणाली, "मी कधीची वाट बघतेय तू विचारायची." आगाऊ रक्कम बुडाली.

आता खेळ. पूर्वी हे लग्नानंतर, नवऱ्याच्या घरी हळद उतरवताना होत. १९२९चा शारदा कायदा येण्याआधीच्या लग्नांत नवरा-नवरी खरोखरच खेळण्याच्या वयाची असायची, अनोळखी मुलांची भीड मोडायला हे सगळं होतं. आमची भीड कॉलेजच्या कँटीनमध्येच मोडलेली, तरी खेळ मोडीत निघाले नाहीत. आम्ही ते आदल्या संध्याकाळी आणले, कारण लग्नानंतर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या असतात. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, "हा विधी नाही, हौस आहे. कधीही करा."

सुपारी : आमच्याकडे नवरीला दोन्ही हात वापरायची मुभा, नवऱ्याला फक्त डावा. मूठ सोडवायची. ऐकायला सोपं वाटतं. तिच्या मुठीतून मला सुपारी काढता आली नाही, पाच मिनिटं झटापट केली, शेवटी तिच्या मावशीने वेळ संपल्याचं जाहीर केलं. विडा : तिच्या दातांत पानाची सुरळी, निम्मी मी तोडायची. इथे एक सांगून ठेवतो, हा खेळ ठेवायचा की नाही हे फक्त नवरीला विचारा, आणि एकटीला विचारा. चाळीस डोळ्यांसमोर 'चालेल' म्हणणं आणि खरंच चालणं यात फरक असतो. आमच्याकडे वहिनीने मधे पदराचा आडोसा धरला आणि पुढच्या रांगेतल्या मावशांनी तिला शिव्या घातल्या.

उखाण्यांना मात्र तयारी लागते. ती केली नाहीत तर महादेवाची पिंड, बेलाचं पान आणि चांदीचं ताट यांची रांग लागते. प्रत्येकीने मोबाईलवर तेच शोधलेलं असतं. आम्ही आठवडाभर आधी निरोप पाठवला : उखाणा स्वतःचा हवा, आणि त्यात आपल्या घरातली एक तरी खरी गोष्ट हवी. पहिले चार-पाच फसले. मग तिची पाळी आली :

"पाच-सहा-सात-आठ, मोजून थकले पाय,
…रावांचं नाव घेते, आता बसू की काय?"

मी घेतला तो असा : "इंद्रायणी आली उशिरा, प्लॅटफॉर्म बदलला तीनदा, …चं नाव घेतो, आता तरी ऐका एकदा." टाळ्या तिला जास्त पडल्या. मामाने तर उखाण्यात स्वतःच्या न झालेल्या नाचावर जुना सूड उगवला, तो इथे लिहीत नाही.

मग कोणीतरी आजीला म्हणालं, तुम्ही घ्या. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आमच्याकडे अशा बाईला कोणी उखाणा घ्यायला सांगत नाही, त्यामुळे खोलीत एक क्षण कोणाला कुठे बघावं कळेना. आजीने खुर्ची जरा पुढे ओढायला सांगितली आणि सुरू केलं. जुन्या पद्धतीचा लांबलचक उखाणा. शेतापासून निघाली, विहिरीवर आली, गोठा, ओसरी, माजघर, चुलीवरची खीर, खिरीवर झाकण, झाकणावर निखारे… मधेच एकदा अडली, "थांबा, देवघर राहिलं" म्हणून मागे गेली. शेवटी आजोबांचं नाव. मी ते तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते 'हे' किंवा 'तुझे आजोबा' असायचे. माझ्या आत्याने पटकन उठून सगळ्यांना कोकम सरबत वाटायला घेतलं.

संगीतात आजीला पहिल्या रांगेतली चांगली खुर्ची मिळाली होती आणि कानात घालायला कापूस.

दोन्हींच्या मधलं काही हवं असेल तर एक सुचवतो. मित्रांना मंगलाष्टक लिहायला सांगा. नाचता न येणाऱ्या, पण गप्प न बसणाऱ्या मित्रांसाठी हे उत्तम. वृत्त शार्दूलविक्रीडित, ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा. 'कुर्यात् सदा मंगलम्' ही शेवटची सात अक्षरं आयती मिळतात, म्हणजे एका कडव्यासाठी एकोणसत्तरच अक्षरं जमवायची. माझ्या मित्रांनी त्यात माझी किक न बसणारी स्कूटर बसवली. मात्र लघु-गुरू नीट तपासून घ्या. आमच्या दुसऱ्या कडव्यात एक अक्षर जास्त झालं होतं, तिथे गुरुजी अडखळले आणि अंतरपाटापलीकडून तिचं हसणं मला ऐकू आलं.

फोटोवाल्याला खेळांच्या वेळी एक सक्त ताकीद द्या : 'एकदा परत' म्हणायचं नाही. आमच्याकडे त्याने सुपारीचा खेळ पुन्हा करायला लावला, आणि नेमका तोच खोटा वाटणारा फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर आहे. सूत्रसंचालनाला भाड्याचं माणूस नको, घरातली एखादी मोठ्या आवाजाची काकू पुरते. कुणाच्या रंगावरून, वजनावरून, पगारावरून उखाणा निघाला तर तो तिथेच आवरेल अशी काकू हवी.

आणि परात. आईची तांब्याची मोठी परात, त्यात पाणी, थोडं दूध, कुंकू, तळाशी अंगठी आणि तिला लपवायला सुपाऱ्या नि सुटे पैसे. तीन वेळा शोधायचं, ज्याला दोनदा सापडेल त्याचं घरात चालणार. पहिल्यांदा तिला सापडली. दुसऱ्यांदा मला, निव्वळ नशिबाने. तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंची माणसं गुडघ्यांवर आली होती, माझ्या हाताला नुसती रुपयाची नाणी लागत होती, आणि सुपारीत हरल्यामुळे आमची बाजू जरा पेटलेली. तेवढ्यात पाण्याखाली तिची बोटं माझ्या बोटांवर आली, एक क्षण थांबली आणि अंगठी माझ्या मुठीत सारून निघून गेली. वर तिचा चेहरा असा, की अजून शोधतेच आहे. मी हात वर काढला, मामा ओरडला, तिच्या मावशीचं तोंड पडलं. साठ माणसं तिथे होती. कोणालाही कळलं नाही.

तेव्हा खेळच ठेवणार असाल तर पाण्यात कुंकू सढळ हाताने टाका. तळ दिसता कामा नये.