जुनं ३०६० की नवं ६६००? मर्यादित पैशांतल्या गेमिंग पीसीचं ग्राफिक्स कार्ड निवडताना

प्रोसेसरवर फार वेळ घालवू नका. रायझन ५ ५६०० आणि कोअर आय५ १२४००एफ हे दोन्ही सहा कोअरचे, दोन्ही २०२२ सालचे, दोन्ही डीडीआर४ रॅमवर चालतात. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर यांतला फरक डोळ्यांना कळत नाही. जो मदरबोर्डसकट स्वस्त पडेल तो घ्या. एवढं मात्र बघा की दुकानदार ५६०० ऐवजी ५६००जी हातात ठेवत नाही ना. नाव सारखं दिसलं तरी ५६००जीमध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद मेमरी) निम्मी म्हणजे १६ एमबी असते, आणि वेगळं कार्ड लावायचंच असेल तर त्यातल्या अंगच्या ग्राफिक्सचा उपयोग नसतो. रॅमचं म्हणाल, तर २०२५ च्या अखेरीपासून भाव इतके चढले आहेत की घरात डीडीआर४ पडून असेल तर डीडीआर५ च्या वाटेला जायचं कारण नाही.

खरा प्रश्न कार्डाचा. वीस हजारांच्या अलीकडे-पलीकडे पैसे असले की आपल्याकडे बहुतेकांसमोर दोन नावं येतात: एनव्हिडियाचं सेकंडहँड आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं, आणि एएमडीचं नवं आरएक्स ६६००, ८ जीबीचं. किमती आठवड्याला हलतात, त्यामुळे आकड्यांवरून भांडण नको. पण मी पाहत होतो तेव्हा दोन्हींमधलं अंतर फारसं नव्हतं, आणि म्हणूनच निवड अवघड होती. माझ्याकडे आधी मामेभावाचं ३०६० बरेच दिवस वापरायला होतं. नंतर मी माझ्यासाठी ६६०० घेतलं. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मॉनिटर तेच. बदललं फक्त कार्ड.

३०६० बद्दल मनापासून चांगलं बोलावं असं खूप आहे. १२ जीबी मेमरी ही या किमतीत मोठी गोष्ट आहे. अलीकडच्या गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवले तरी ते अडखळत नाही; ६६०० वर मला तिथे एक पायरी खाली यावं लागतं. डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी एनव्हिडियाची सोय) तर १०८० पिक्सेललाही स्वच्छ दिसतं. ६६०० वर एफएसआर, म्हणजे एएमडीची तशीच सोय, लावली की झाडांची पानं, तारांची कुंपणं, लांबच्या जाळ्या थरथरतात, आणि एकदा ते लक्षात आलं की सारखं दिसत राहतं. रे ट्रेसिंगची, म्हणजे खऱ्यासारख्या प्रकाश-सावल्यांची, हौस असेल तर ६६०० कडे बघूच नका. ब्लेंडरमध्ये थ्रीडी काम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यालाही मी ३०६० च सुचवेन. ड्रायव्हरची गोष्टही सांगायला हवी: ६६०० ज्या पिढीतलं आहे तिच्या ड्रायव्हरची शाखा एएमडीने २०२५ मध्ये वेगळी काढली. कार्ड चालत राहणार, पण नव्या सोयी पहिल्यांदा नव्या पिढ्यांना मिळणार, हे गृहीत धरून चाला.

साध्या गेमिंगमध्ये, म्हणजे रे ट्रेसिंग बंद ठेवून, दोन्ही एकमेकांच्या जवळ आहेत. ३०६० थोडं पुढे असेल, मला खेळताना ते जाणवलं नाही. काउंटर-स्ट्राइक २ दोन्हींवर मजेत चालतो. ६६०० ला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन मिळतात, त्यामुळे बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर थोडा तोटा होतो असं म्हणतात. माझा बोर्ड जुनाच आहे, आणि त्यापायी माझं काही अडलेलं नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांना एक सूचना. २०२२ च्या शेवटी ३०६० ची ८ जीबीवाली आवृत्तीही आली. तिची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारी वाट, १९२ बिटांऐवजी १२८ बिटांची आहे, आणि जाहिरातीत दोघींचं नाव एकच असतं. पेटीवर नुसतं ३०६० वाचून पैसे देऊ नका. कार्ड लावून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये मेमरी आणि बस दोन्ही बघा. क्रिप्टो-चलनाच्या मायनिंगला जुंपलेल्या कार्डांना लोक उगाच घाबरतात, असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाचं मायनिंग बंद झालं आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. त्यांतली बरीच आजही ठणठणीत चालताहेत. चिप सहसा टिकते. जातात ते पंखे, आणि वाळतात ते उष्णता पुढे नेणारे थर्मल पॅड. आमच्या कोकणात दमट हवेचा त्यात आणखी हातभार असतो. जुन्या कार्डाचा पंखा कुरकुरायला लागला तर तसाच पंखा मुंबईहून मागवायचा आणि वाट बघायची.

पण माझा निर्णय या कशावरून झाला नाही. तो झाला लाइटवरून.

चिपळूणकडे पावसाळ्यात लाइट जाते, हे नवीन नाही. पूर्ण गेली तर निदान कळतं तरी. त्रास असतो तो झपकन जाऊन परत येणाऱ्या लाइटचा. ट्यूब एकदा मिचकावते, पंख्याची गती तुटत नाही, पण तेवढ्यात यूपीएस बॅटरीवर जातो आणि परत येतो. जोराच्या पावसात एका संध्याकाळी हे कितीदा होईल सांगता येत नाही. माझा यूपीएस नेहमीचा, ६०० व्हीएचा. पीसी असलेल्या बऱ्याच घरांत असाच यूपीएस असतो, आणि त्याची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास असते.

हिशेब करून बघा. ३०६० चा ठरलेला वापर १७० वॅट, ६६०० चा १३२. प्रोसेसर खेळताना साठ-पासष्ट वॅट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी चाळीस धरा. पॉवर सप्लाय स्वतः थोडी वीज खातो, आणि मॉनिटर वेगळा. ६६०० लावलं तर सगळं मिळून तीनशेच्या आसपास राहतं. ३०६० लावलं की साडेतीनशेला टेकतं, आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं ती वेगळीच.

कागदावर ही तीस-चाळीस वॅटची गोष्ट आहे. खेळताना मात्र तिचा अर्थ असा होता की ३०६० असताना रात्री सायबरपंक २०७७ मध्ये गर्दीच्या चौकात गाडी चालवत असलो आणि नेमकी तेव्हा लाइट मिचकावली, की यूपीएस एक लांब शिटी मारून सगळंच बंद करायचा. मॉनिटर काळा, वायफायचा राउटरही बंद, कारण तोही त्यावरच. मग विंडोज परत चालू होताना डिस्क तपासायला बसायचं. ऑनलाइन सामना असेल तर मधेच सोडल्याची शिक्षा वेगळी, आणि संघातल्या चार जणांचा सामना वाया. कार्डाचा यात काही दोष नव्हता. ते सांगितल्याइतकीच वीज घेत होतं. आमच्या घराला ते झेपत नव्हतं, इतकंच. आई तर आभाळ भरून आलं की दारातूनच सांगायची, "बंद कर रे आधी ते."

उपाय केले. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये ३०६० ची पॉवर लिमिट ऐंशी टक्क्यांवर आणली, म्हणजे १३६ वॅट. यूपीएस शांत झाला. पण मग कार्ड जिथे येऊन बसलं तिथे ६६०० मुळातच बसलेलं आहे. थोडीफार आघाडी होती तीही बहुधा संपली. शिवाय ड्रायव्हर नव्याने टाकला की लिमिट जागेवर आहे ना, हे बघायची आठवण ठेवायची. विसरलो की पहिल्याच सरीला शिटी.

६६०० लावल्यापासून लाइट मिचकावली तर यूपीएस टक्कन आवाज करतो आणि खेळ चालू राहतो. पूर्ण गेली तर सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. माझ्यासाठी याची किंमत १२ जीबीपेक्षा जास्त आहे. थरथरणाऱ्या पानांची सवय झाली. मधेच बंद पडणाऱ्या पीसीची होत नव्हती. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत कमी गरम हवा अंगावर येते, हाही फायदा. आणि एएमडी ६६०० साठी ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेसा मानते, तर ३०६० साठी एनव्हिडिया ५५० सुचवते. तिथेही थोडे पैसे वाचतात.

पुण्यात किंवा ठाण्यात राहत असाल आणि लाइट क्वचितच जात असेल, तर माझी अडचण तुमची नाही. ओळखीच्या माणसाकडचं, १२ जीबीवालं, पंखे नीट असलेलं ३०६० तीन-चार हजारांनी स्वस्त मिळालं तर जरूर विचार करा. एरवी आपल्या नावाचं बिल आणि पूर्ण वॉरंटी असलेलं नवं कार्ड मला बरं वाटतं. २०२१-२२ मध्ये विकलेल्या ३०६० पैकी बहुतेकांची तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली आहे.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला यूपीएस मोडचा खटका असतो का बघा आणि तो चालू करा. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर इतका उशिरा बदलतो की पीसी बंद पडतोच. आणि कोणतंही कार्ड घेण्याआधी आपल्या यूपीएसच्या स्टिकरवरचा व्हीएचा आकडा सोडून वॅटचा आकडा वाचा. बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर त्यातूनही थोडं वजा धरा.