२७ इंची फोर-के मॉनिटर: पत्रिका, बॅनरच्या कामाला घ्यावा का?

लग्नसराई तोंडावर आलीय म्हणून डीटीपीवाले, म्हणजे पत्रिका-बॅनर कॉम्प्युटरवर बनवणारे, बरेचजण सध्या मॉनिटर बघायलेत, आणि लातुरात कुठल्याही दुकानात गेलं की पहिलं हेच ऐकू येतंय की फोर-के घ्या, सगळं मोठं अन् क्लिअर दिसतंय. क्लिअरचं म्हणाल तर शंभर टक्के खरं. पण मोठं? डब्यातून काढून नुसता जोडला तर सगळं बारीक दिसतंय, इतकं बारीक की चाळिशी लागलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत करायला जाईल, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहायलोय.

माझ्याकडं आधी २४ इंची फुल एचडी होता, आता २७ इंची फोर-के घेतलाय आणि जुना शेजारीच ठेवलाय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण साइझचं जे सांगतोय ते कुठल्याही कंपनीच्या मॉनिटरला लागू आहे.

खरा आकडा बघायचा तो पीपीआय, म्हणजे एका इंचात पिक्सेल, स्क्रीनवरचे बारीक ठिपके, किती बसलेत. आडवे पिक्सेल अन् उभे पिक्सेल, दोन्हीचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, त्याला स्क्रीनच्या कोपऱ्यातून कोपऱ्यातल्या तिरक्या इंचानं भागायचं, झालं, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतंय. २४ इंची फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, तिथं साधारण ९२ येतो. तेच फुल एचडी २७ इंचात घेतलं तर ८२ च्या आत. २७ इंची क्यूएचडी, २५६० बाय १४४० वाला, १०९. आणि २७ इंची फोर-के, ३८४० बाय २१६०, तिथं थेट १६३.

आता विंडोजचं आयकॉन असू द्या नाहीतर बटन, ते पिक्सेलमध्ये ठरलेलं असतंय, इंचात नाही. सोयाबीनच्या दहा ओळी दीड फुटावर पेरल्या तर पंधरा फूट रान लागतंय, त्याच दहा ओळी पाऊण फुटावर घेतल्या तर साडेसात फुटात बसतात, ओळी तेवढ्याच पण पट्टा निम्मा. इथं पण तसंच. १०० पिक्सेलचा चौकोन २४ इंचीवर जवळपास २८ मिलिमीटर भरतो, २७ इंची फुल एचडीवर ३१, क्यूएचडीवर २३ आणि फोर-केवर फक्त साडेपंधरा. स्केल, म्हणजे विंडोज सगळं किती टक्के मोठं करून दाखवतंय ते, १०० टक्के असेल तर. विंडोजचं सगळं गणित ९६ पीपीआय धरून बसवलेलं आहे, त्यामुळं ९६ च्या आसपासच्या मॉनिटरवर काहीच करावं लागत नाही, १६३ वर करावंच लागतंय.

करायचं काय तर डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १५० टक्के. तेवढं केलं की त्याच चौकोनाला दीडपट पिक्सेल मिळतात आणि तो परत २३ मिलिमीटरवर येतो, म्हणजे जागा क्यूएचडी मॉनिटरएवढी आणि अक्षर मात्र फोर-केचं. एक गोष्ट मात्र कुणीही करू नका, बारीक दिसतंय म्हणून रिझोल्यूशनच कमी करून १०८० वर आणणं. बरेच दुकानदार इन्स्टॉल करून देताना हेच करून देतात, गिऱ्हाईक पण खूश की आता मोठं दिसायलंय, पण ज्या पिक्सेलचे पैसे मोजले ते सगळे वाया अन् अक्षर वर पुसट. रिझोल्यूशन पूर्ण ठेवायचं, वाढवायचं ते स्केल.

आता मुद्द्याचं, आपल्या देवनागरीसाठी हा मॉनिटर काय करतो. इंग्रजी अक्षर कमी पिक्सेलात निभावून जातंय, आपल्याला मात्र वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, रुकार, मधी जोडाक्षर. ९२ पीपीआयवर पत्रिकेचा मजकूर पूर्ण पानात बघितला की द्ध आणि द्व सारखेच दिसतात, रफाराला चिकटलेला अनुस्वार आहे का नाही ते झूम केल्याशिवाय कळत नाही. निमंत्रकांच्या यादीत तीस-चाळीस नावं असतात, प्रत्येक नाव झूम करून कोण बघणार, आणि एका मामाचं नाव चुकलं तर सगळा गठ्ठा परत छापायचा. फोर-केवर पूर्ण पान समोर ठेवून प्रूफ वाचता येतंय. हात लांब करून बसलं तर एक पिक्सेल ०.१६ मिलिमीटरचा, डोळ्याला तो वेगळा दिसतच नाही, जुन्यावर ०.२८ चा होता, तो दिसायचा. माझ्या मते ह्या एका कारणासाठी पैसे वसूल आहेत.

दुसरा फायदा म्हणजे खऱ्या मापात दाखवणं. कोरलमध्ये, म्हणजे डिझाइनच्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये, रूलर कॅलिब्रेट करायची, म्हणजे स्क्रीनवरची पट्टी खऱ्या मापाला जुळवायची, सोय आहे, स्क्रीनला स्टीलची पट्टी लावून एकदा जुळवून घ्या. मग एकास एक व्ह्यूमध्ये पत्रिका स्क्रीनवर छापून येईल तेवढीच दिसते, गिऱ्हाईक हातातलं सॅम्पल कार्ड शेजारी धरून बघतंय अन् जागेवरच हो म्हणतंय. बॅनरला ह्याचा काही उपयोग नाही. सिद्धेश्वर यात्रेचा दहा बाय वीसचा फ्लेक्स कुठल्याही मॉनिटरवर करा, सारखाच.

त्रास कुठं होतो ते पण सांगतो. जुनी सॉफ्टवेअर, विशेषतः मराठी टायपिंगची, १५० टक्के स्केलवर धुरकट दिसतात कारण विंडोज त्यांचं चित्रच ताणून मोठं करतंय. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआयची सेटिंग आहे. ॲप्लिकेशन निवडलं तर धारदार पण बारीक, सिस्टीम एन्हान्स्ड निवडलं तर काही सॉफ्टवेअरचं अक्षर सुधारतंय, सगळ्यांचं नाही. दोन मॉनिटर जोडले असतील तर दोघांना वेगळं स्केल द्या, माझ्याकडं जुन्याला १०० आणि ह्याला १५०. खिडकी ओढून इकडून तिकडं नेताना मधीच साइझ बदलती, तो बिघाड नाही, ते तसंच असतंय.

दिवसभर फक्त टॅली अन् एक्सेल असेल तर २४ इंची फुल एचडी घ्या, निवांत राहा. २७ इंची फुल एचडी मात्र कुणालाच सांगणार नाही, स्वस्त दिसतोय पण मराठी अक्षराच्या कडा पायऱ्या पायऱ्यांच्या दिसतात. मधला मार्ग पाहिजे असेल तर २७ इंची क्यूएचडी, तिथं स्केल १०० वरच चालतंय आणि जुनी सॉफ्टवेअर पण कुरकुर करत नाहीत. ३२ इंची फोर-के १३८ पीपीआयला येतो, टेबल खोल असेल तर तोही चांगला, तिथं १२५ टक्के पुरे.

आणि घेण्याआधी आपल्या पीसीचं मागचं पोर्ट बघून घ्या. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-केला ३० हर्ट्झच मिळतात, म्हणजे सेकंदाला तीस वेळाच चित्र बदलतंय, माउस अडकत अडकत चालल्यासारखा वाटतो आणि लोक दोष मॉनिटरला देतात. एचडीएमआय २.० नाहीतर डिस्प्लेपोर्ट १.२ असलं की ६० मिळतात. जुन्या पीसीवर दोन्ही नसेल तर आधी ग्राफिक कार्डाचा खर्च धरा, मगच फोर-केचं बघा.