पेठच्या रानात शिकायला जातेय, सगळे सिझन बघून झाल्यावरचा अनुभव

ट्रेकला भेटणारं कोणी ना कोणी विचारतंच की तू नाशिक जिल्ह्यातल्या पेठला जाऊन नक्की काय शिकतेस, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

रानात तग कसा धरायचा ते शिकवणारे मामा कोकणा समाजातले, पाड्यावर राहतात, नागली, वरई आणि भात करतात. कोर्स बिर्स काही नाही, सर्टिफिकेट तर नाहीच, त्यांचा जो रोज बुडतो तो द्यायचा, मामींच्या हातच्या जेवणाचे वेगळे. याआधी मी शहरातल्याच एका कंपनीचा वीकेंड सर्व्हायव्हल कॅम्प केला होता, तिथे दोरीचं ब्रेसलेट मिळालं आणि मॅग्नेशियमच्या कांडीने ठिणगी पाडायला शिकवलं, ते पण उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर. जुलैत पेठजवळच्या हरसूलच्या पावसात ते गवत कुठून आणायचं हे विचारायचं नाही!

मामा पावसात खाली पडलेल्या फांदीला हातच लावत नाहीत. उभ्या झाडावरच वाळलेली फांदी शोधतात, कोयत्याने मधोमध फोडतात आणि आतला कोरडा गाभा तासून त्या सालपटांवर जाळ धरतात. चकमक, गारगोटी आणि काटेसावरीचा कापूस हेही दाखवलं, पण त्यांच्या स्वतःच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी असते आणि मला तेच जास्त पटलं.

खरी मजा खाण्यात आहे. पहिल्या पावसात शेवळं ही रानभाजी येते, ती नुसतीच शिजवून खाल्ली तर घसा असा खवखवतो की विचारू नका, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून मामी त्यात काकडं घालतात, तीही आंबट फळं त्याच दिवसांत मिळतात, काकडं नसतील तर चिंच. कडूकंदाचं काम अजून मोठं. पातळ काप करायचे, चुलीतली राख घालून उकळायचे, मग टोपलीत भरून टोपली रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी मामी एक काप जिभेला लावून बघतात, कडवट लागला की टोपली परत पाण्यात. फोटो बघून झाड ओळखता येईलही, पण ही पुढची सगळी उस्तवार कुठल्या ॲपमध्ये आहे? अळंबीच्या बाबतीत तर मामांनी सरळ सांगितलंय, ताई, मी सोबत नसेन तर एकही उचलायची नाही.

पाणी शोधायचं म्हणजे उंबर कुठे आहे ते बघायचं आणि आटलेल्या ओढ्याच्या वाळूत झिरा, म्हणजे पाणी झिरपून साठेल असा खड्डा, खणायचा. पहिलं गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून टाकलं की हळूहळू नितळ पाणी साठतं. दिसायला नितळ असलं तरी मी उकळूनच पिते. आणि हे सगळं आपल्यासाठी हौस आहे हो, एवढा धो धो पाऊस पडूनही पेठ-सुरगाण्याच्या कितीतरी पाड्यांवरच्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन दरीत उतरतात, त्यांना झिरा खणायला कोणी कॅम्प लावून शिकवलेलं नाही.

एक स्टार कापलाय तो सापाच्या विषयावर. मामांचा एका मुळीवर आणि भगतावर विश्वास आहे, माझा नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, यातलं काहीही चावलं तरी अँटीव्हेनमच लागतं, त्यामुळे जाण्याआधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवा आणि गाडीची सोय करा. चावूच नये म्हणून ते जे करतात ते मात्र डोळे झाकून घ्या: रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, दगड हाताने उचलायचा नाही.

एका वीकेंडला जाऊन फार काही हाती लागत नाही हे आधीच सांगते. शेवळं जूनमध्ये, झिरा उन्हाळ्यात, आणि मुरुडशेंगेच्या सालीचा वाख, म्हणजे धागे, काढून दोरी वळायची ती मामांना शेतातून फुरसत मिळेल तेव्हा. परत परत त्याच डोंगरावर, त्याच माणसाबरोबर जायची तयारी असेल तरच पैसे घाला. आणि शिकलात म्हणून एकटे जाऊन कंद उकरत बसू नका, वनोपज गोळा करायचा २००६ च्या वनहक्क कायद्यातला हक्क त्या गावांचा आहे, आपला नाही.

जायचं असेल तर नाशिकहून सकाळची पेठ गाडी धरा, आणि उन्हाळ्यात आपल्या पिण्याचं पाणी घरूनच न्या, पाड्यावर मागू नका.